लाल झाकणाची बरणी

मायक्रॉनकाकांच्या तोंडून 'साधारण' हा शब्द मी कधी ऐकला नाही. जिन्यात शेजारच्या कुणी सहज विचारलं, "काका, किती वाजले साधारण?" तर ते थांबत आणि उलट विचारत, "साधारण सांगू की खरं सांगू?" विचारणारा हसून पुढे निघून जाई. काका मात्र घड्याळात बघून खरी वेळ सांगितल्याशिवाय पायरी सोडत नसत, मग ऐकायला कुणी असो वा नसो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं चेकिंगला होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे कातलेला सुटा भाग, त्यांच्या टेबलावरून जायचा आणि केसाच्या जाडीहून कमी फरक निघाला तरी परत यायचा. कामगारांनी वैतागून त्यांचं नाव 'मायक्रॉन' ठेवलं. ठेवणाऱ्यांच्या मनात काही प्रेम नव्हतं, पण काकांना ते नाव मनापासून आवडलं. "हजेरीपटावरचं नाव आईबापांनी दिलं, हे मी कमावलं," असं ते सांगत. आमची गल्ली त्यांना मायक्रॉनकाकाच म्हणायची. पोस्टमनसुद्धा.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकूंच्या चकल्यासुद्धा मोजून झाल्या होत्या. "दिवाळीला ह्यांनी चकल्यांचे वेढे तपासले आणि तीन बाजूला काढल्या," काकू सांगायच्या. "म्हणाले, ह्या सेटमध्ये बसत नाहीत. मी त्याच तीन ह्यांच्या ताटात वाढल्या."

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि उल्हास नदी व तिला मिळणाऱ्या ओढ्यांतले मासे हा पीएच.डी.चा विषय घेतला होता. म्हणजे खोलीत बरण्या, बरण्यांत फॉर्मॅलिन आणि फॉर्मॅलिनमध्ये मासे. तीन घरमालकांनी वासाचं नाव काढताच दार लावून घेतलं होतं. काकू राजापूरकडच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे खायचे नाहीत त्यातले?" मी नाही म्हटल्यावर "अरेरे" म्हणाल्या आणि किल्ली दिली.

पहिल्याच रविवारी काका नळाला पाणी येतंय का बघायला वर आले आणि माझ्या हातातलं प्लॅस्टिकचं कॅलिपर बघून दारातच थबकले.

"मॅडम, ह्यानं काय मोजतेस?"

"मासे."

"ह्यानं?"

ते खाली गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा व्हर्नियर होता, मिलिमीटरचे पन्नास भाग दाखवणारा. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. हत्यार हातातून हातात द्यायचं नाही, पडलं तर दोघंही म्हणतात दुसऱ्यानं सोडलं, हा त्यांचा नियम. मी उचलायला गेले तर म्हणाले, "आधी शून्य बघ. जबडे मिटून शून्यावर शून्य येतंय का ते बघ. ज्याचं शून्य चुकलं त्याचं सगळंच चुकलं." पहिल्या दिवसापासून ते मला मॅडमही म्हणायचे आणि तूही म्हणायचे. दोन्ही एका वाक्यात कसं बसवतात, असं काकूंनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम तिच्या डिग्रीला, तू तिच्या वयाला."

माशाची एक जात दुसरीपासून वेगळी आहे हे ठरवायचं, तर डोकं किती, डोळा किती, पोहण्याच्या परांची लांबी किती, शेपटीचा देठ किती जाड, अशी वीस-पंचवीस मापं घ्यावी लागतात आणि तीही शेकडो माशांची. एकटीनं हे काम करताना माणूस रडकुंडीला येतो. काकांनी माझ्या रविवारच्या सकाळी आपल्या ताब्यात घेतल्या. खिडकीशी टेबल सरकवलं, उजेड डावीकडून येईल असं बसले आणि कामाची पद्धत घालून दिली. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं आणि लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत वाचून दाखवायचा. प्रत्येक माप तीनदा. मी एकदा म्हटलं, "काका, दोनदा सारखं आलं ना, मग तिसऱ्यांदा कशाला?" तर म्हणाले, "पहिल्यांदा आपण बघतो. दुसऱ्यांदा आपल्याला जे बघायचंय ते बघतो. म्हणून तिसऱ्यांदा." हे वाक्य मी पुढे वर्गात अनेकदा वापरलं. वापरलं आणि पाळलं नाही.

मापात न बसणारा मासा आला की काका तो वेगळ्या बरणीत टाकत आणि तिच्या झाकणावर लाल ऑइल पेंटचा ठिपका देत. कारखान्यात रिजेक्ट माल लाल डब्यात जायचा, ती सवय. बहुतेक वेळा तो मासा नुसता वाकडा किंवा शेपूट तुटलेला असे. पण लाल बरणीतलं काही फेकायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. "रिजेक्ट म्हणजे वाईट नव्हे मॅडम. रिजेक्ट म्हणजे ह्या ड्रॉइंगचा नाही. दुसरं ड्रॉइंग असेल त्याचं."

कारखान्यातल्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. एक मात्र काकूंनी सांगितली. साहेबांना एका लॉटच्या तपासणीचे कागद मागच्या तारखेचे हवे होते. माल चांगला होता, मोजूनही झाला होता, फक्त सही राहिली होती. काकांनी सही केली, पण त्या दिवसाचीच तारीख घालून. त्यांचं प्रमोशन त्या सहीत गेलं. मी विचारलं, "माल चांगलाच होता ना काका?" ते म्हणाले, "मालाचा प्रश्नच नाही. त्या तारखेला मी तिथे उभा होतो का? नव्हतो. मग मागच्या तारखेची सही म्हणजे खोटी सही." त्याचं त्यांना दुःख झालेलं दिसलं नाही. दुःख झालं ते काकूंना, आणि त्याही बोलून दाखवताना नवऱ्याकडे कौतुकानंच बघत होत्या.

माशांच्या मणक्यांची संख्या मोजायला एक्स-रे लागतो. कॉलेजात सोय नव्हती. काका म्हणाले, "चल माझ्या दातवाल्याकडे." उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या गर्दीत, कापडाच्या दुकानावर एका सिंधी डॉक्टरांचा दवाखाना होता. आम्ही दोघं ओल्या फडक्यात गुंडाळलेले मासे डब्यातून घेऊन रांगेत बसलो. शेजारची बाई वासानं उठून लांब जाऊन बसली. आमचा नंबर आल्यावर डॉक्टरांनी डब्यात बघितलं, मग काकांकडे बघितलं.

"साईं, इसमें पेशंट कौन है?"

"सब पेशंट है," काका म्हणाले. "दात का फिल्म छोटा होता है ना डॉक्टर, मच्छी बरोबर बैठेगा."

डॉक्टरांनी हसत हसत पहिला मासा फिल्मवर ठेवला. "अंकल, तीस साल में ये पहला पेशंट है जो ख़ुद मुँह खोलके आया है." त्यांनी फी घेतली नाही. पुढे महिन्यातून एकदा आमची फेरी होऊ लागली आणि डॉक्टर दुरूनच ओरडायचे, "आज कितने पेशंट?"

आता मला जे सांगायचं आहे, ते इथून पुढचं आहे. इतकी वर्षं ते टाळत आले.

त्या वर्षी दिवाळीनंतर बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वहाळावर मी मासे गोळा करायला गेले. वहाळ म्हणजे लहान ओढा. काका हट्टानं बरोबर आले. वहाळाला लागून गोमादादांची भाजीची जमीन होती. ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि दगडाखाली हात घालून त्यांनी पाच लहान शिंगट्या काढून दिल्या. शिंगटी म्हणजे मिशांचा, खवले नसलेला मासा. त्याच्या कल्ल्यामागच्या परात करवतीसारखे दात असलेला काटा असतो, नीट धरला नाही तर बोट फुटतं. मी त्या बर्फाच्या डब्यात टाकायला लागले, तर गोमादादा म्हणाले, "ताय, ही शिंगटी नाय. शिंगटी पान्याभायेर कारली का करकर करते. ही करीत नाय. हिला आमी मुकी बोलताव."

शिंगटी पाण्याबाहेर काढल्यावर काटा घासून आवाज करते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. काकांनी एक मासा उचलून कानाशी धरला. मग दुसऱ्या कानाशी. पाचही मासे त्यांनी असे ऐकले. गोमादादा आणि मी हसत होतो. काका हसत नव्हते. मी माझ्या वहीत लिहिलं, 'शिंगटी, पाच नग', आणि पुढच्या ओढ्याकडे निघाले.

घरी आल्यावर काकांनी ते पाच मासे ताजेच मोजले. मी वर प्रबंधाची प्रकरणं टाइप करत होते. चार महिन्यांत सगळं द्यायचं होतं, नाहीतर कॉलेजात कायम होण्याची माझी संधी जाणार होती. दुपारी ते वर आले, कागद घेऊन.

"मॅडम, हे पाच पीस त्या लॉटमधले नाहीत."

त्यांनी एक एक दाखवलं. शेपटीचा देठ जाड. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागचा मऊ पर आखूड. आणि काट्यावरचे दात अर्धेच. मी कागद बघितला, नीट बघितला नाही. मला एक उत्तर लगेच सुचलं आणि ते इतकं सोयीचं होतं की मी त्याच्यावर उडीच मारली. आधीच्या शिंगट्या महिनोन् महिने फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या होत्या आणि ह्या ताज्या होत्या. फॉर्मॅलिनमध्ये मासा आटतो. म्हणजे फरक माशाचा नव्हता, फॉर्मॅलिनचा होता.

काकांनी कागदावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "माप आटेल, कबूल. पण दात कसे आटतील? दात तर मोजायचे असतात."

"दात वयाप्रमाणे कमीजास्त होतात काका."

"लांबी सारखी आहे मॅडम. मग वयही सारखंच ना?"

त्यांचं बरोबर होतं, आणि हे मला त्या क्षणी कळलंही होतं. म्हणूनच मला राग आला. एक नवी जात निघाली तर अर्धा प्रबंध पुन्हा लिहावा लागला असता, जुन्या संग्रहांशी ताडून बघायला वर्ष गेलं असतं. मी म्हटलं, "काका, मासा म्हणजे नटबोल्ट नाही. हे शास्त्र आहे, इथे असं नसतं."

खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. त्यांनी कागदाची घडी केली. "बरोबर असेल मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या आहात."

त्यानंतर ते मला पुन्हा कधी 'तू' म्हणाले नाहीत. बोलायचे, हसायचे, रविवारी मोजायलाही यायचे. पण मॅडमच्या पुढे 'तुम्ही' आलं आणि ते तिथेच राहिलं. ते पाच मासे त्यांनी एका बरणीत घातले. ह्या वेळी ठिपका दिला नाही, सबंध झाकणच लाल रंगवलं आणि बरणी आपल्याकडे खाली नेली. मी अडवलं नाही. एक बरणी कमी झाली म्हणून बरंच वाटलं.

प्रबंध वेळेत गेला. त्यात त्या वहाळापुढे मी नेहमीच्या शिंगटीचं नाव लिहिलं. पदवी मिळाली, नोकरी कायम झाली, लग्न झालं आणि मी विठ्ठलवाडीला राहायला गेले. अंबरनाथ आणि विठ्ठलवाडीच्या मध्ये एकच स्टेशन आहे. सुरुवातीला मी महिन्यातून एकदा जायचे, मग दिवाळीला, मग फोनवर. काकू दर वेळी म्हणायच्या, "ये गं एकदा, हे वाट बघतात." मी दर वेळी येते म्हणायचे. साधारण पुढच्या महिन्यात, असं म्हणायचे.

एकदा ते स्वतःच आले. आधी कळवलं नव्हतं. दार उघडलं तर काका उभे, हातात कापडी पिशवी, डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं. हात थरथरत होता. मी विचारलं तर म्हणाले, "होतं असं आता. व्हर्नियर टेबलाला टेकवून धरला की काही अडत नाही." मला परीक्षेच्या कामाला निघायचं होतं. मी उभ्यानेच चहा केला. त्यांनी तो बशीत न सांडता प्यायला, त्यासाठी दोन्ही हात लागले. मी घड्याळाकडे बघितलेलं त्यांनी बघितलं. पिशवी मांडीवरची खाली ठेवली नाही.

"काही काम होतं का काका?"

"नाही, सहज. एक विचारायचं होतं. बरणीतलं फॉर्मॅलिन बदलायचं असतं का हो मॅडम?"

"हो, गढूळ झालं की बदलायचं. दहा टक्क्यांचं घालायचं."

"दहाचंच घालतो मी," ते म्हणाले आणि उठले. जिन्यापर्यंत मी गेले. कुठली बरणी, हे मी विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता काका गेले. मला कळलं ते चौथ्या दिवशी, आणि मी गेले ती दहाव्याला. माणसं निघून गेल्यावर काकूंनी कपाटातून तीच कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत व्हर्नियरची पेटी, लाल झाकणाची बरणी आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही.

"तुझ्याकडे घेऊन आले होते एकदा, विठ्ठलवाडीला," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर मी विचारलं, दाखवलीत का? तर म्हणाले, घाईत होती."

मी वही उघडली. पहिल्या पानावर ते पाच मासे, ताजे, त्यांच्या मापांसकट. दुसऱ्या पानावर तेच पाच मासे, एक महिना फॉर्मॅलिनमध्ये मुरल्यानंतर. म्हणजे मी वर प्रबंध टाइप करत बसले होते तेव्हा काका खाली बसून माझ्याच म्हणण्याची तपासणी करत होते. मासे थोडे आटले होते, अगदी थोडे. बाकी सगळं तिथल्या तिथे होतं. आणि मग दर वर्षी एक पान. डिसेंबरातला पहिला रविवार, तेच पाच मासे, प्रत्येक माप तीनदा. ताज्या मापांचं पान सोडून अशी सात पानं. शेवटच्या दोन पानांवर अक्षर इतकं कापरं होतं की आकडे वाचायला मला भिंग घ्यावं लागलं, पण एकही आकडा खोडलेला नव्हता. त्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ होती, सातही पानांवर तीच.

फरक कायम.

"तेव्हाच का नाही सांगितलं मला?" मी काकूंना विचारलं.

"मी म्हटलं होतं त्यांना. म्हणाले, पोरीची नोकरी अडेल. एकदा कायम होऊ दे, मग सांगू. मग तू कायम झालीस, आणि..." काकू थांबल्या. त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पुढचं मला माहीतच होतं.

पुढच्याच रविवारी मी बदलापूरला गेले. वहाळ सापडेना. दोनदा रस्ता चुकले असं वाटलं, मग लक्षात आलं की मी वहाळावरच उभी आहे. तिथे डांबरी रस्ता होता, दोन्ही बाजूंना इमारती उठत होत्या आणि नव्या घरांच्या जाहिरातीचा मोठा फलक होता. गोमादादा एका इमारतीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला ओळखलं.

"वहाल बुजवला ताय. पाइप घातला न् वरशी रस्ता केला. तीन वर्सां झाली."

"मुकी दुसरीकडे कुठे मिळते का दादा?"

"नाय. ती आपल्या वहालाचीच व्हती. आता कुठं ऱ्हानार?" मग त्यांनी विचारलं, "ते बाबा नाय आले? मासा कानाला लावनारं?"

मला रस्त्यातच रडू आलं. गोमादादांनी खुर्ची मला दिली आणि आतून पाणी आणलं.

त्यानंतर दोन वर्षं मी आजूबाजूचा एकही ओढा सोडला नाही. गोमादादा बरोबर यायचे. शिंगटी मिळायची, हातात घेतली की करकरायची आणि आम्ही ती सोडून द्यायचो. मुकी एकदाही मिळाली नाही. शेवटी त्या बरणीतल्या पाच माशांवरच जातीचं वर्णन लिहायचं ठरलं. ते मासे फॉर्मॅलिनचे, त्यामुळे त्यांच्यावर हल्लीच्या जनुकांच्या चाचण्याही होईनात. सगळी भिस्त मापांवर. मी लेख पाठवला तेव्हा तपासणाऱ्या तज्ज्ञांनी नेमकी तीच शंका काढली, जी मी काकांपुढे काढली होती. हा फरक फॉर्मॅलिनमुळे नसेल कशावरून? मी वहीतल्या सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले. महिन्याभरात उत्तर आलं. इतक्या वर्षांच्या नोंदी आपण कधी बघितल्या नाहीत, ज्यांनी ठेवल्या त्यांना आमचे आभार कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं.

लेख पाठवण्याआधी मणके मोजायला मी कॅम्प दोनला गेले होते. डॉक्टर थकले होते, पण हात तेच. "आज कितने पेशंट?" त्यांनी विचारलं आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पाचही फिल्म स्वतः धुतल्या, उजेडाला धरून माझ्याबरोबर मणके मोजले. दोनदा मोजून मी लिहायला लागले तर म्हणाले, "बेटा, तीसरी बार. अंकल तीन बार गिनते थे."

नावाचं काकूंना विचारलं. काकांचं आडनाव लॅटिनमध्ये बसवून देता येतं, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाल्या. "त्यांनी आयुष्यात कुठल्या पीसवर स्वतःचं नाव घातलं नाही गं. त्याला आधीचं नाव आहे ना, तेच असू दे." म्हणून गोमादादांचंच नाव राहिलं. शास्त्राच्या पुस्तकात आता ती मुकी आहे. माझ्या प्रबंधातलं विधान चुकीचं होतं, हेही त्याच लेखात मी स्पष्ट लिहिलं आहे. ते लिहिताना वाईट वाटलं नाही. वाईट आधीच वाटून झालं होतं.

लेख छापून आला त्या रविवारी मी तो घेऊन अंबरनाथला गेले. मासे संग्रहालयात जमा झाले होते, पण बरणी मी मागून परत आणली होती. काकूंनी ती फडताळात जुन्या जागी ठेवली, रिकामी. मग आम्ही दोघी खिडकीशी, काकांच्या टेबलावर, वही उघडून बसलो.

त्या वहीतली एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी, 'फरक कायम'च्या खाली, काकांनी पट्टीनं दोन चौकोन आखले होते. डावीकडे 'तपासले', उजवीकडे 'मंजूर'. कारखान्यातली पद्धत. जो मोजतो त्यानं मंजूर करायचं नसतं, ते दुसऱ्यानं करायचं. डाव्या चौकोनात त्यांची सही आणि तारीख. उजव्या चौकोनातही तारीख त्यांनीच आपल्या अक्षरात घालून ठेवलेली, त्याच रविवारची. सहीची जागा मोकळी. सातही पानांवर मोकळी.

काकूंनी पेन पुढे केलं. "कर सही. आता तर छापूनसुद्धा आलं."

मी पेन हातात घेतलं. सातांतल्या पहिल्या पानावरची तारीख वाचली. त्या दिवशी मी ह्याच घरात होते, वरच्या खोलीत, एक जिना चढून. मग दुसऱ्या पानावरची वाचली. मग तिसऱ्या. मला ती सही करायची होती. आयुष्यात दुसरं काही इतकं करावंसं वाटलं नव्हतं.

"नाही काकू," मी म्हटलं. "तारखा मागच्या आहेत."

काकूंनी वही आपल्याकडे ओढली आणि त्या मोकळ्या चौकोनांवरून एकेक पान बोट फिरवत गेल्या.

"दर वर्षी हे मोजून झालं की सही करायचे आणि मग तुझ्या चौकोनात तारीख घालायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, ती यायची आहे का आज? तर म्हणायचे, रविवार आहे, येईलही. आणि तुझ्यासाठी जेवायचे थांबायचे."